गावाला रस्ता पाहिजे, मध्ये अकराशे मीटर राखीव जंगल

कोयनेपलीकडचा:

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. आमचं गाव शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पलीकडच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी. उंबरे छत्तीस, त्यातल्या बारमाही पेटणाऱ्या चुली एकोणीस. बाकीच्या घरांना कुलपं, माणसं मुंबईला. कुणी माथाडीत, कुणी कापडबाजारात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, काम अर्ध्यात आहे.

धरणाआधी आमची भातखाचरं नदीकाठाला होती, ती पाण्याखाली गेली. काही भावकी सोलापूरकडं जमीन मिळाली म्हणून तिकडं गेली. आजोबांसारखे काही जण मात्र वर सरकले आणि उतारावर नाचणी-वरी करत राहिले. मग १९८५ ला कोयना अभयारण्य झालं, २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. आजोबा म्हणायचे, "पाणी खालनं आलं, जंगल वरनं आलं, आपण मधी."

आता मुद्द्याचं. गावापासून खिंडीतल्या डांबरी रस्त्यापर्यंत तीन किलोमीटर कच्ची वाट आहे. उन्हाळ्यात जीप येते, मिरगानंतर नाही. पाण्यातनं लाँच आहे, पण वारं सुटलं की लाँचवाला दोर सोडत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. गेल्या आषाढात भावजयीला कळा सुरू झाल्या तेव्हा घोंगडीची झोळी करून चौघांनी खिंडीपर्यंत नेली. बाळ-बाळंतीण सुखरूप, पोरगी झाली. पण त्या रात्री ठरवलं की रस्त्याचा पिच्छा सोडायचा नाही.

या तीन किलोमीटरांतले मधले अकराशे मीटर राखीव वनातून जातात. अर्ज घेऊन गेलो तर एका साहेबांनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं, वनजमीन आहे, प्रस्ताव दिल्लीपर्यंत जाईल, तुमच्या पोरांच्या लग्नापर्यंत झाला तर झाला. त्याच खोऱ्यात दोन डोंगर पलीकडं कुणाच्या तरी फार्महाऊसपर्यंत मात्र मुरूम पडलाय.

मला जंगल नको आहे असं समजू नका. उन्हाळ्यात आमचा झरा टिकतो तो वरच्या राईमुळं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मला एवढंच विचारायचंय की अशा गावानं नक्की कुठल्या दारात जायचं?

ट्रेकवेडा:

वाचून वाईट वाटलं. तरी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. वीस वर्षं वासोटा किल्ल्याला जातोय. पायथ्याच्या मेट इंदवलीत आता नुसते घरांचे चौथरे उरलेत आणि त्यावर झाडं चढलीत. माणूस उठला की जंगल किती भराभर परत येतं ते तिथं दिसतं.

माझी भीती बाळंतिणीच्या जीपची नाही. रस्ता पहिल्या वर्षी बाळंतिणीसाठी असतो, तिसऱ्या वर्षी त्यावरून पोकलेन येतो आणि पाचव्या वर्षी 'लेक व्ह्यू प्लॉट'ची पाटी लागते. साताऱ्याहून बामणोलीला जाताना रस्त्याच्या कडेनं काय काय उगवलंय ते बघा. नवीन महाबळेश्वर प्रकल्पात सातारा, पाटण, जावळी, महाबळेश्वर मिळून २३५ गावं रस्ते विकास महामंडळाकडं (एमएसआरडीसी) दिली गेली, ती काय नाचणी पिकवायला? कोयनेचं १०५ टीएमसीचं धरण ज्या उतारांवरच्या पाण्यानं भरतं ते उतार एकदा बोडके झाले की गाळानं भरेल.

चहाटळ:

वीस वर्षं वासोट्याला जाताय म्हणजे बामणोलीपर्यंत गाडीनंच जात असणार. की तेवढ्यापुरतं जंगल समजून घेतं?

ट्रेकवेडा:

@चहाटळ, टोला मान्य. पण प्रश्न तसाच राहतो.

वारणेचं पाणी:

मी वाळव्यात राहतो, पण मूळचा चांदोलीतला. आमचं गाव उठवलं तेव्हा मी सहावीत हुतो. ट्रकमदी भांडी, कोंबड्या, जातं, आनि आज्जी. आज्जीनं तुळस मुळासकट काढून मांडीवर घेतली हुती. नव्या जागंला काळं रान, भकास उजाड, झाड न्हाई. तुळस जगली, आज्जी दोन वर्सांत गेली.

ट्रेकवेडा साहेब, माणूस उठला की जंगल परत येतं म्हंता. खरं हाय. गेल्या साली परवानगी काढून देवाला गेलो. आमच्या भाताच्या खाचरांत कुरण झालंय आनि त्यात गवं चरत्यात. झोळंबीच्या सड्याकडं, म्हंजी कातळाच्या पठाराकडंबी तसंच. बघून बरंबी वाटलं आनि घशात आवंढाबी आला, दोनी एकदम. पन एक गोष्ट लिवतो. ती कुरनं गव्याला मिळाली कारन आमच्या पनज्यानं तितं बांध घालून माती धरली हुती. निस्त्या जंगलात तेवढं गवत झालं नसतं.

आमाला जमीन मिळाली, पन पानी लई वर्सांनी आलं. काहींना अजून पुरी मिळालेली न्हाई. श्रमिक मुक्ती दलाबरूबर किती ठिय्यं मारलं ते मोजायचं सोडून दिलं. तवा तुमाला सांगतो दादा, उठायला कदी हो म्हनू नका. रस्ता मागा, भांडा, पन हितनं हलू नका. एकदा उठलेला माणूस दोनी गावचा पावना हुतो.

कोयनेपलीकडचा:

@वारणेचं पाणी, भाऊ, तुळशीचं वाचून आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून आत गेली.

निवृत्त वनपाल:

तीस वर्षं खाकी घातली, त्यातली बरीचशी याच डोंगरात. खात्याच्या बाजूनं दोन शब्द लिहितो, शिव्या नंतर घाला.

पहिलं म्हणजे लोक गाभा आणि बफर यांत गल्लत करतात. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प सगळा मिळून ११६५ चौरस किलोमीटरचा, चार जिल्ह्यांत पसरलेला. त्यातला गाभा साधारण ६०० चौरस किलोमीटर, म्हणजे कोयना अभयारण्याचा मोठा भाग आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून. बाकीचा बफर. बफरमध्ये गावं राहणार, शेती होणार, गुरं चरणार हे कायद्यालाच मान्य आहे. तिथं "व्याघ्र प्रकल्प आहे, काही होणार नाही" असं कुणी सांगत असेल तर एक तर त्याला माहीत नाही किंवा त्याला फाइल हलवायची नाही.

दुसरं, गार्डची बाजू. एका बीटवर, म्हणजे गस्तीच्या टापूवर, एक माणूस, हातात काठी. फाल्गुनात वणवा लागला की झाडाची फांदी तोडून तीच झोडपायची. नरक्या चोरणाऱ्या टोळ्या रात्री यायच्या. कॅन्सरच्या औषधाला जाते म्हणून त्या झाडाला सोन्याचा भाव होता आणि मुळासकट उपटून न्यायचे. आमच्या हाताला जे चोर लागले ते बहुतेक गाववाल्यांनी सांगितल्यामुळं. गावाशी वाकडं घेतलेल्या गार्डला जंगलात काहीच दिसत नाही. मी उमेदवारीत वाकडं घेतलं होतं, दोन उन्हाळे आंधळा होतो.

वणव्याचं मात्र गावाकडंही बोट जातं. गवत चांगलं फुटतं म्हणून काडी लावायची सवय अजून गेलेली नाही.

बत्तीस शिराळा:

कायदा माणसाला कसा पिळतो ते आम्हाला विचारा. आमची नागपंचमी कोर्टात गेली, पिढ्यानपिढ्या नाग पकडणारे गुन्हेगार ठरले...

चहाटळ:

झालं, आता धाग्यात नाग सोडला. @बत्तीस शिराळा, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

काळा कोट:

धागाकर्ते, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे आणि ते फार कमी लोक वापरतात. वनहक्क कायदा २००६ चा, अंमल २००८ पासून. त्याचं कलम ३(२) वाचा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन, विजेची लाइन, रस्ता अशा तेरा सोयींसाठी वनजमीन देता येते. अटी अशा की सोय सरकारी यंत्रणेची असावी, दर सोयीला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागावी, हेक्टरी पंचाहत्तरहून जास्त झाडं तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. यात १९८० च्या वनसंवर्धन कायद्याची दिल्लीवारी लागत नाही, उपवनसंरक्षकांच्या पातळीवर निकाल होतो.

तुमचे अकराशे मीटर, रुंदी पाच मीटर धरली तर पाच हजार पाचशे चौरस मीटर. म्हणजे ०.५५ हेक्टर, गुंठ्यांत चोपन्नच्या आसपास. बसतं. आणि 'सरकारी यंत्रणेची' ही अट असल्यामुळं तुमच्या त्या फार्महाऊसवाल्याला हा दरवाजा बंद आहे. ट्रेकवेडा यांनी याची नोंद घ्यावी.

एक सावधगिरी. जमीन अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वन्यजीव कायद्याची परवानगी वेगळी लागते, तिथं हे एवढं सोपं नाही. म्हणून आधी गट नंबरनिशी हद्द तपासा. लोक बफर म्हणतात आणि नकाशात जमीन भलतीकडंच निघते.

कोयनेपलीकडचा:

@काळा कोट, तुम्ही तर आमच्या दोन वर्षांच्या हेलपाट्यांवर दोन परिच्छेदांत पाणी ओतलंत. हद्द तपासली आहे, अभयारण्याच्या बाहेर, नुसतं राखीव वन. पण झाडांचं गणित अडतंय. जीपच्या वाटेनं खुणा केल्या तर अठ्ठावन्न झाडं आडवी येतात. हेक्टरी पंचाहत्तर म्हणजे ०.५५ ला एक्केचाळीस. सतरा जास्त.

आणि दुसरा प्रश्न. आम्ही धरणामुळं वर आलो, तेव्हा आमचं उतारावरचं वहिवाटीचं रान वनहक्कात बसतं का? पंचाहत्तर वर्षं दाखवा म्हणतात, धरणाला तर तेवढी झाली नाहीत.

काळा कोट:

आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, दाखवावी लागतात. पण ती वास्तव्याची. त्याच तुकड्यावर तेवढी वर्षं नांगर फिरला पाहिजे असं नाही, ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा असला की पुरतो. तुमचं खोरं तेच, तुम्ही त्यातच वर सरकलात. बुडीत गावाचे जुने सातबारे, जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचा दाखला, म्हाताऱ्या माणसांचे जबाब, देवळाची जागा, सगळं पुरावा म्हणून चालतं. तोंडी जबाब नियमातच आहे, कुणी हसलं तर नियम १३ दाखवा.

सामूहिक वनहक्काचाही विचार करा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं २००९ ला सुमारे १८०० हेक्टरांवर हक्क मिळवला.

निवृत्त वनपाल:

मेंढा-लेखाला बांबू आहे वकीलसाहेब. इथल्या गावांनी हक्क घेऊन काय विकायचं, धुकं?

मधमाशी:

हिरडा, शिकेकाई, करवंद, जांभूळ आणि मध. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ ला देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. धुकं नाही विकावं लागलं. ज्या गावाच्या पेट्या जंगलात असतात ते गाव वणवा लावत नाही, बाहेरच्या कुणी लावला तर पहिलं धावतं. मात्र मधावर अख्खं गाव जगेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. म्हैस, थोडं भात, मुंबईची मनीऑर्डर आणि वर मध, असं ते गणित आहे.

कासच्या वाटेवर:

आमच्याकडचा अनुभव लिहितो. २०१२ ला कास पठार जागतिक वारशात गेलं, कोयना, चांदोली आणि राधानगरीसोबत. त्याआधीपासूनच गर्दी वाढलेली, फुलांत लोळून फोटो चाललेले. मग पठाराला जाळी मारली. आजूबाजूच्या गावांच्या समित्या झाल्या, प्रवेशशुल्क, पार्किंग, गाइड, हंगामात पोरांना काम. हे चांगलं झालं.

पण जाळीनं गुरंही अडवली. पठारावर म्हशी चरायच्या तेव्हा गवत आखूड राहायचं आणि तेरडा, सीतेची आसवं, गेंद यांना ऊन मिळायचं. चराई थांबली तसं गवत माजलं आणि फुलं दबायला लागली. म्हातारी माणसं पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून सांगत होती, पण त्यांच्याकडं पीएचडी नव्हती. शेवटी जाळी काढावी लागली. राखणं म्हणजे माणूस आणि जनावर बाहेर काढणं, हे आमच्या पठारावर तरी खोटं ठरलं.

ट्रेकवेडा:

हे मला माहीत नव्हतं. मी त्या जाळीच्या बाजूनं चार ठिकाणी लिहिलं होतं.

सागरेश्वर:

कडेगाव भागातून हजेरी. आमच्याकडं उलटी गोष्ट आहे. आधी बोडका डोंगर होता, त्यावर धों. म. मोहित्यांच्या पुढाकारानं माणसांनी जंगल उभं केलं आणि १९८५ ला त्याचं अभयारण्य झालं. जेमतेम ११ चौरस किलोमीटर, पण हरणं एवढी वाढली की कुंपणाबाहेर येऊन शाळू आणि द्राक्षबाग खातात. त्यातलीच चितळं उचलून चांदोलीत सोडली, वाघाला खायला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची वाघीण तिथं आणली ना, तिच्या ताटात आमची हरणं आहेत म्हणायची. आमच्या शाळूचा हिशेब कुणी लावला तर बरं होईल.

बाकी नुकसान झालं की तीन दिवसांत कळवा, पंचनामा करून घ्या, कंटाळा करू नका. आमचा एक चुलता "काय मिळतंय चारदोन हजार" म्हणून जात नाही आणि वर्षभर शिव्या देतो.

सुगरण जावळी:

एवढ्या वेळात एकाही बाईनं लिहिलेलं दिसलं नाही म्हणून लिहिते. जंगल तोडतात म्हणून बोटं आमच्याकडंच, कारण मोळी आमच्या डोक्यावर. वनखात्याच्या जन-वन विकास योजनेत गॅस आला, माझ्या माहेरी पण आला. शेगडी चकचकीत आहे, तिच्यावर देवाचा फोटो ठेवलाय. टाकी संपली की लाँचनं न्यायची, भरलेली परत आणायची, वर दोन किलोमीटर चढ. कोण आणणार, सासरे? पावसाळ्यात लाँच बंद, मग चुलच. रस्ता झाला तर टाकी दारात येईल आणि मोळी कमी होईल, हे जंगलवाल्यांनी पण लिहून ठेवावं.

धागाकर्ते, ग्रामसभेत बायकांना बोलवा. चहा करायला नाही, बसायला.

काळा कोट:

ताईंचा मुद्दा कायद्याचाही आहे. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असणाऱ्यांत एकतृतीयांश बायका. नसल्या तर ठराव पहिल्याच टेबलावर पडतो.

धनगरवाडा:

येवडं लिवत न्हाई मी, भाच्याकडनं टाइप करून घेतोय. जीपच्या वाटनं कशाला जाता? ती वाट जीपवाल्यानं पाडलीया, सरळ चढती म्हनून झाडं आडवी येत्यात. आमची म्हसरं जायची ती वाट वगळीच्या वरनं, सड्याच्या कडंकडंनं जाती. म्हस सरळ चढत न्हाई, वळसा घेती. तिथं कातळ हाय, झाड कमी. आता कारवी माजलीया म्हनून दिसत न्हाई. वाईच लांब पडंल पन पानीबी वाट तोडनार न्हाई. या एकदा, दावतो.

निवृत्त वनपाल:

हे बरोबर सांगतायत. त्या भागातल्या गवळी-धनगरांच्या वाटा मी चाललोय. इंजिनियरची दुर्बीण दोन पावसाळ्यांत चुकते, म्हशीचा खूर चुकत नाही. फक्त एक बघा, सड्यावर पावसाळी डबकी असतील ती बुजवू नका, त्यातलं काय काय दुसरीकडं कुठं उगवत नाही.

चहाटळ:

रस्ते विकास महामंडळात म्हैस भरती करा.

कोयनेपलीकडचा:

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफी.

@धनगरवाडा, तुमच्या भाच्याबरोबर त्या वाटेनं गेलो. गावातले चार, शेजारच्या वाडीचे दोन, आणि ट्रेकवेडा पण पुण्याहून आले होते, जीपीएस घेऊन. कारवी कोयत्यानं सारत पुढं गेलो. राखीव वनातली लांबी तेराशे चाळीस मीटर भरली, म्हणजे पाच मीटर रुंदीनं ०.६७ हेक्टर. झाडांची मर्यादा पन्नास. आडवी येणारी झाडं मोजली, सव्वीस. जांभळीच्या दोन मोठ्या झाडांना वळसा घालायचं ठरलं, मग चोवीस. डबक्यांच्या बाजूनं दगड लावून खूण केली आहे.

ट्रेकवेडा यांचं म्हणणं की डांबर नको. वनहद्दीत नुसता खडीमुरूम, पाण्याला फरशी आणि तोंडाशी फाटक, म्हणजे रात्री बाहेरची गाडी येणार नाही. गावात यावरून दोन तट पडले. तरणी पोरं म्हणतात डांबरच पाहिजे, आपण काय दुय्यम आहोत का. त्यांचंही चूक नाही. माझं स्वतःचं मत फाटकाच्या बाजूनं आहे, डांबराचं अजून ठरत नाही.

आता खरी अडचण. मतदार यादीत गावची एकशे बारा नावं, ग्रामसभेला छप्पन्न लागतात. गावात मोजून एक्केचाळीस मोठी माणसं, त्यातले तीन अंथरुणाला. उरलेले सगळे मुंबईत. म्हणून सभा चैत्रात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ठेवली आहे, चाकरमानी आलेले असतात. सकाळीच घ्यायची, दुपारनंतर मटणाचा बेत असतो आणि मग कोरम पंगतीतच मिळेल.

सुगरण जावळी:

बायका किती?

कोयनेपलीकडचा:

यादीत अठ्ठावन्न. भावजय म्हणाली तान्हीला घेऊन पहिल्या ओळीत बसते.

वारणेचं पाणी:

जत्रंला आमीबी येतो दोघं-तिघं. मत न्हाई आमाला तुमच्या गावात, मागं बसतो.

निवृत्त वनपाल:

चोवीसात वठलेलं झाड धरलं आहे का? पंचनाम्याला वाद होतो.

कोयनेपलीकडचा:

एक हिरडा आहे, अर्धा वठलेला, वरच्या फांदीला अजून पालवी येते. आम्ही धरलाय. धनगरवाडा म्हणतात मोजू नका, वाट त्याच्या डावीकडनं जाते आणि म्हशी त्याच्या खोडाला अंग घासतात.